सूर्याची न दिसणारी बाजू

एखादी गोष्ट निर्विवाद आहे असे सांगायचे झाले, की आपण ती सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ आहे असे म्हणतो. नागपूरच्या मे महिन्यात तर सूर्याविषयी शंका घेण्याची सवडच कोणाला नसते. दुपारच्या वेळी लकडगंजातील रस्ते ओस पडतात, लाकडाच्या वखारींतील माणसे सावली धरून बसतात आणि जो तो ऊन कलण्याची वाट पाहतो. इतका उघड, इतका प्रखर असा हा सूर्य. तरीही एक साधी गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कोणत्याही क्षणी पृथ्वीवरून त्याचा केवळ अर्धाच पृष्ठभाग दिसतो. उरलेला अर्धा भाग आपल्याकडे पाठ करून असतो.

सूर्य स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीवरून पाहता त्याची एक फेरी सुमारे सत्तावीस दिवसांत पूर्ण होते. म्हणजे त्याच्या पश्चिम कडेवरून पलीकडे गेलेला डागांचा समूह सुमारे दोन आठवडे आपल्या दृष्टीआड राहतो आणि टिकून असेल तर पूर्व कडेवर पुन्हा प्रकट होतो. या दोन आठवड्यांत त्याचे काय होते? तो वाढतो, विरतो, की तेथे काही नवेच जन्माला येते? हा प्रश्न खगोलशास्त्राचा खरा. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे आपल्याला दिसत नाही त्याविषयी बोलण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे? आणि त्याविषयी मुळीच न बोलण्याचा तरी कितपत आहे?

या प्रश्नाशी झालेली पहिली झटापट आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाला जवळची आहे. १६११ साली जर्मनीतील इंगोलश्टाट येथे गणित शिकविणारे येशूसंघीय धर्मगुरू ख्रिस्तोफ शायनर यांना दुर्बिणीतून सूर्यबिंबावर काळे डाग दिसले. सूर्य हा निष्कलंक व अविकारी असतो, ही त्या काळची विद्वन्मान्य समजूत. म्हणून वरिष्ठांनी सावधगिरी बाळगली आणि शायनर यांची पत्रे ऑग्सबर्गच्या मार्क वेल्सर यांनी १६१२ च्या प्रारंभी टोपणनावाने छापली. ते टोपणनाव होते अपेलीज. प्राचीन ग्रीसमधील हा चित्रकार आपल्याच चित्रामागे लपून येणाऱ्याजाणाऱ्यांचे अभिप्राय ऐकत असे, अशी आख्यायिका आहे.

शायनर यांनी मांडलेला युक्तिवाद आजही विचार करण्याजोगा आहे. हे डाग सूर्याच्या अंगावर असते, तर सूर्य फिरून आल्यावर तेच डाग त्याच क्रमाने पुन्हा दिसले असते, असे त्यांचे म्हणणे. तसे ते दिसत नाहीत, म्हणून ते डाग सूर्यावर नाहीत. सूर्याभोवती फिरणारे लहान गोल असले पाहिजेत. तर्काची साखळी वरवर पाहता निर्दोष आहे. तिच्यातील कच्चा दुवा एकच. दृष्टीआड गेलेली वस्तू जशी गेली तशीच परत येईल, हे त्यांनी गृहीत धरले होते. गॅलिलिओने १६१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रांत दाखवून दिले, की कडेजवळ जाताना डाग निमुळते होत जातात, म्हणजे ते पृष्ठभागावरच आहेत. आणि ते उत्पन्न होतात, बदलतात, नाहीसे होतात. हे बदल आपल्यासमोर घडतात, तसेच पलीकडेही घडतात. सूर्याची न दिसणारी बाजू म्हणजे थांबलेला काळ नव्हे.

पुढे शायनर यांनी अनेक वर्षे चिकाटीने सूर्याचे वेध घेतले. १६२६ ते १६३० या काळात छापल्या गेलेल्या ‘रोझा उर्सिना’ या प्रचंड ग्रंथात त्यांनी डाग सूर्याच्याच पृष्ठभागावर आहेत हे मान्य केले आणि सूर्याचा आस किती कललेला आहे हेही निश्चित केले. त्यांनी काढलेले मान आजच्या सव्वासात अंशांच्या अगदी जवळ जाते. गॅलिलिओविषयीची त्यांची कटुता मात्र गेली नाही. सूर्याविषयीचे मत बदलणे त्यांना जमले. माणसाविषयीचे मत बदलणे त्याहून अवघड ठरले.

आता लकडगंजाकडे पुन्हा वळू. लाकडाच्या बाजारामुळेच या भागाला हे नाव मिळाले. ओंडका विकत घेताना जाणता माणूस त्याच्या सालीकडे पाहून थांबत नाही. तो त्यावर ठोकून पाहतो. भरीव लाकडाचा नाद वेगळा, आतून पोखरलेल्या लाकडाचा वेगळा. आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पण लाकडातून जाऊन आलेला आवाज काही सांगून जातो. खरे-खोटे ठरते ते ओंडका आऱ्याखाली गेल्यावरच.

सूर्याच्या पलीकडच्या बाजूचा मागोवा नेमका याच रीतीने घेतला जातो. १९६० च्या सुमारास रॉबर्ट लेटन या अमेरिकन शास्त्रज्ञाला असे आढळले, की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होत असतो. पुढे उलगडा झाला, की सूर्याच्या अंतरंगात असंख्य ध्वनिलहरी कोंडलेल्या आहेत आणि त्यांच्यामुळे हा गोल अखंड घुमणाऱ्या घंटेप्रमाणे कंप पावतो. मधल्या पोकळीमुळे तो नाद आपल्या कानांवर येत नाही. परंतु पृष्ठभाग आपल्याकडे येतो की आपल्यापासून दूर जातो, हे प्रकाशाच्या वर्णरेषांतील सूक्ष्म बदलावरून मोजता येते. यांपैकी काही लहरी अलीकडून निघतात, सूर्याच्या पोटातून पलीकडे जातात, तेथील पृष्ठभागावर आदळून परत फिरतात. पलीकडे डागांचा मोठा समूह असेल, तर तेथील प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे त्या किंचित लवकर परततात. कित्येक तासांच्या प्रवासात पडणारा हा फरक अवघ्या काही सेकंदांचा असतो. चार्ल्स लिंडसे व डग्लस ब्राउन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या कल्पनेला २००० साली यश आले, आणि सूर्याच्या पाठीवरील सक्रिय क्षेत्राचे चित्र माणसाने प्रथमच काढले. पलीकडे न जाता!

यासाठी सूर्यावर अखंड लक्ष हवे, आणि रात्र तर सर्वांनाच होते. म्हणून १९९५ पासून जगातील सहा ठिकाणच्या दुर्बिणी आळीपाळीने पहारा देऊ लागल्या. ‘गाँग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साखळीत कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, कॅनरी बेटे आणि चिली यांच्या जोडीला भारतातील उदयपूरची सौर वेधशाळाही आहे. एका ठिकाणी सूर्य मावळतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी तो वर आलेला असतो. कोणा एकाला संपूर्ण दिसत नाही. सहाही जणांच्या नोंदी एकत्र आल्या की ऐकण्यात खंड पडत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर आपल्या मुंबईत नोंदलेले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाने डागांच्या एका मोठ्या समूहावर तेजाचा अकस्मात स्फोट पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळले आणि कुलाब्याच्या वेधशाळेतील उपकरणांनी त्याचा प्रचंड हेलकावा टिपून ठेवला. त्या वादळाचे मोजमाप करताना आजचे शास्त्रज्ञही त्या नोंदींचा आधार घेतात. तारायंत्रांच्या त्या काळात हानी मर्यादित राहिली. मार्च १९८९ मधील एका वादळाने मात्र कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा नऊ तास बंद पाडला आणि सुमारे साठ लाख लोक अंधारात राहिले. २३ जुलै २०१२ रोजी सूर्यावर १८५९ च्या तोडीचा उद्रेक झाला. पण तो घडविणारे क्षेत्र तोवर पश्चिम कडेपलीकडे गेले होते. पृथ्वी वाचली. त्या बाजूला असलेल्या एका अंतराळयानाने त्याची साक्ष नोंदवली नसती, तर आपण काय टळले हेही आपल्याला कळले नसते.

अगदी अलीकडचे उदाहरण मे २०२४ चे आहे. १३६६४ या क्रमांकाचे सक्रिय क्षेत्र रुंदीला पृथ्वीच्या सुमारे पंधरापट होते. त्याच्या उद्रेकांमुळे १० व ११ मे रोजी २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हानले येथे रात्रीच्या आकाशात तांबडी आभा दिसली. १४ मेच्या सुमारास ते क्षेत्र पलीकडे गेले. बातम्यांतून ते गेले. सूर्यावरून गेले नव्हते. कंपनांच्या नकाशावर त्याची छाया ठळकपणे उमटत राहिली. २० मे रोजी ‘सोलर ऑर्बिटर’ या यानाने पलीकडून त्याचा आणखी एक जबरदस्त उद्रेक पाहिला. आणि २७ मेच्या सुमारास, विदर्भात नवतपा चालू असताना, ते पूर्व कडेवर पुन्हा अवतरले. त्याला नवा क्रमांक मिळाला, १३६९७. क्षेत्र तेच होते.

या शास्त्रात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची भाषा. पलीकडच्या बाजूचा नकाशा फार थोडे सांगतो. मोठे क्षेत्र कळते, लहान निसटून जाते. स्थान कळते, पण ढोबळपणे. चुंबकीय ध्रुवांची मांडणी तर कळतच नाही. म्हणून हे शास्त्रज्ञ तेथे डाग ‘आहे’ असे म्हणत नाहीत. डाग ‘असावा’ असे म्हणतात, आणि किती शक्यतेने असावा तेही सांगतात. काही दिवसांनी सूर्य फिरतो, ती बाजू समोर येते आणि अंदाज खरा की खोटा हे सर्वांच्या देखत ठरते. तो चुकला तर चूक नोंदली जाते व पुढचा अंदाज सुधारला जातो.

आपल्या मराठीने या बाबतीत आपल्याला उत्तम साधने दिली आहेत. जे पाहिले त्यासाठी ‘आहे’. जे अनुमानाने जाणले त्यासाठी ‘असावे’. जे केवळ कानावर आले त्यासाठी ‘म्हणे’. धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्या आपल्या नैयायिकांनीही खऱ्या हेतूपासून हेत्वाभास वेगळा काढण्यासाठी केवढे कष्ट घेतले! परंतु रोजच्या व्यवहारात या तीन शब्दांचे काय होते ते पाहावे. एखादी मुलगी अचानक गाव सोडून गेलेली असते. एखादा गृहस्थ कित्येक रविवार मिस्साला आलेला नसतो. कोणाच्या घरातून रात्री मोठ्याने बोलल्याचा आवाज आलेला असतो. पहिल्या दारात ‘असे झाले असावे’ म्हणून निघालेले वाक्य दुसऱ्या दारात ‘असे झाले म्हणे’ होते आणि तिसऱ्या दारी पोहोचताना ‘असे झाले आहे’ होऊन बसते. एक क्रियापद बदलते आणि एका माणसाचे नाव जाते. सूर्याच्या नकाशावरील चुकीचा डाग दोन आठवड्यांत पुसला जातो. माणसाच्या नावावरचा पुसायला कधीकधी त्याचे आयुष्य पुरत नाही.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात आठव्या आज्ञेचे विवरण करताना हे दोष काळजीपूर्वक वेगळे केले आहेत. पुरेशा आधाराविना, मनातल्या मनातसुद्धा, शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हा अविचारी निर्णय. योग्य कारण नसताना त्याचा खरा दोष ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगणे ही निंदा. आणि खोटे सांगून त्याची अब्रू घेणे हे कुभांड. पहिला दोष घडण्यासाठी तोंड उघडावेही लागत नाही, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. दुसऱ्याची न दिसणारी बाजू आपल्याला कळत नसेल, तर तिच्याविषयी अनुमानच करू नये. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दुसऱ्याचा न्याय करण्यास मनाई केली नाही काय? जे दिसत नाही ते देवावर सोपवावे आणि आपण आपल्या वाटेने जावे, हेच खरे सौजन्य नव्हे काय?

हे बोलणे ऐकायला सात्त्विक वाटते. पण त्याचा शेवट कोठे होतो तेही पाहिले पाहिजे. सूर्याची दुसरी बाजू दिसत नाही म्हणून नकाशावर ती कोरी ठेवली, तर ‘मला ठाऊक नाही’ हे ‘तेथे काही नाही’ असे वाचले जाते. शायनर यांचा पहिला युक्तिवाद याच खड्ड्यात पडला होता. शेजाऱ्याच्या बाबतीतही तसेच घडते. त्याच्या घरातले आपल्याला काय ठाऊक, असे म्हणता म्हणता त्याच्या घरात काही दुःखच नाही असे आपण धरून चालतो. आणि एके दिवशी कर्ज, व्यसन, आजार किंवा आत्मघात यांपैकी काहीतरी आपल्यासमोर फिरून येते. तेव्हा सगळेच म्हणतात, कोणाला काही कळलेच नाही. कळले नाही हे खरे असते. कळण्यासाठी कोणी कान दिला नव्हता, हेही तितकेच खरे असते.

चांगल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तात याजक आणि लेवी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांनी जखमी माणसाची निंदा केली नाही, त्याचा न्यायही केला नाही. ते केवळ दूर राहिले. तो जिवंत आहे की मेला, याविषयी त्यांना कदाचित खात्री नसेल. पण ती खात्री शोमरोन्यालाही नव्हती. त्या माणसाचे कुळ कोणते, दोष कोणाचा, याची चौकशी त्याने केल्याचे प्रभू सांगत नाही. अर्धवट ज्ञानावर तो जवळ गेला. तेव्हा अनुमान करावे की करू नये, हा खरा प्रश्न नाही. अनुमान कशासाठी करावे, हा खरा प्रश्न आहे. सूर्याच्या पाठीवर कान ठेवणारा निरीक्षक सूर्यावर आरोप ठेवण्यासाठी बसलेला नसतो; वीजकेंद्रे व उपग्रह सांभाळणाऱ्यांना वेळेवर सावध करता यावे, म्हणून बसलेला असतो. जे अनुमान आपल्याला माणसाच्या जवळ नेते आणि त्याच्यासाठी काही करायला लावते, ती प्रीतीची चाकरी. जे त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलायला लावते, ती कुटाळकी. पुरावा दोन्हीकडे तेवढाच असू शकतो.

आणखी एक गोष्ट. सूर्याला ‘पलीकडची’ अशी बाजू मुळात नाहीच. ती पलीकडची आहे ती आपल्यापुरती. त्या दिशेला असलेल्या यानाला तीच समोरची असते आणि आपल्याला दिसणारी बाजू त्याला न दिसणारी. जे आपल्याला दिसत नाही ते कोणी लपवलेलेच असते, असा ग्रह आपण विनाकारण करून घेतो. माणूस बोलत नाही म्हणजे तो काही दडवतो आहे असे नव्हे. आपण एका ठिकाणी उभे आहोत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. जवळ जाऊनही हे नेहमी सुटत नाही. आपले ‘आदित्य एल-१’ हे यान जानेवारी २०२४ मध्ये सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावले. पुण्याच्या आयुका संस्थेने घडविलेली दुर्बीण त्यावर आहे आणि तिने अमोल छायाचित्रे पाठविली आहेत. पण ते यान पृथ्वी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेपाशीच आहे, म्हणून त्यालाही आपल्याला दिसते तीच बाजू दिसते. एकाच दिशेने कितीही जवळ गेले, तरी दुसरी बाजू दिसत नाही. नवरा-बायको, आई-वडील आणि मुले, धर्मगुरू आणि धर्मग्रामस्थ यांनी यावर मनन करावे. ‘मी त्याला पुरता ओळखतो’ हे वाक्य बहुधा तेथेच चुकते. ज्याच्या दृष्टीला अलीकड-पलीकड नाही असा एकच आहे, आणि अंतिम न्याय त्याने स्वतःकडे ठेवला आहे, हे योग्यच आहे.

तरीही सूर्य आणि माणूस यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. सूर्य नियमाने फिरतो. दोन आठवडे थांबले की त्याची पाठ आपल्यासमोर येते. माणूस स्वतंत्र आहे. तो कदाचित कधीच फिरून समोर येणार नाही, किंवा आला तर पश्चात्तापाने पार बदलून येईल. त्याला जुन्या क्रमांकानेच ओळखण्याचा हट्ट धरणे हा त्याच्यावर आणि त्याला बदलणाऱ्या कृपेवर अन्याय आहे. म्हणून माणसाच्या बाबतीत आपले ‘असावे’ सूर्याच्या ‘असावे’पेक्षाही नम्र असले पाहिजे.

आणि दुसरा फरक त्याहून मोठा आहे. सूर्याला विचारता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना त्याच्या पोटातून फिरून येणाऱ्या लहरींचे सेकंद मोजत बसावे लागते. माणसाला विचारता येते. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या प्रारंभीच एक नियम घालून दिला आहे. दुसऱ्याच्या बोलण्याला दोष देण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती माणसाने अधिक तत्पर असावे; आणि तसा अर्थ लागत नसेल, तर त्याचा अर्थ काय हे त्यालाच विचारावे. शायनर यांच्या संघसंस्थापकांचा हा नियम वेधशाळेत वापरता येण्याजोगा नाही. वस्तीत, कुटुंबात आणि धर्मग्रामात तो वापरता येतो. जो कित्येक रविवार दिसला नाही, तो बहुधा दोन गल्ल्या सोडून राहतो. ऊन कलल्यावर त्याच्या दारापर्यंत चालत जाऊन ‘कसे काय चालले आहे?’ एवढे विचारायला आणि मग तो सांगेल तितकेच ऐकून घ्यायला कोणत्याही दुर्बिणीची गरज नाही.